बछेऱ्याला घोडीसोबत मोकळे सोडताना

मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेतून किंवा त्याआधी अकलूजच्या बाजारातून एखादा देखणा बछेरा, म्हणजे कोवळ्या वयाचा नर घोडा, घरी येतो. दारात खुंटे ठोकले जातात, अगाडी-पिछाडी बांधली जाते आणि पुढची दीड-दोन वर्षे त्याचे सगळे जग त्या दोरांच्या लांबीत मावते. अशा बछेऱ्याला दुसऱ्या घोड्याशी कसे वागावे हे कळण्याची संधीच मिळत नाही. माणसाच्या अंगावर पुढचे पाय टाकणे, दंडाला चावणे, घोडी दिसली की बेभान होणे या ज्या खोडी पुढे ‘जातीचा गरमपणा’ म्हणून खपवल्या जातात, त्यांतल्या बऱ्याचशा या एकलकोंड्या वाढीतून आलेल्या असतात. याच्या उलट, ज्यांच्याकडे कुंपण घातलेले दोन-तीन एकर रान आहे असे काही मालक “लहान आहे अजून” एवढ्याच भरवशावर बछेऱ्याला सगळ्या माद्यांत सोडून देतात. पहिल्या चुकीत बछेरा बिघडतो. दुसरीत घोडी नको तेव्हा गाभण राहते, नाहीतर बछेऱ्याचा पाय मोडतो.

बछेऱ्याने माद्यांच्या संगतीतच वाढावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण थोरली घोडी त्याला जी शिस्त लावते ती घोडे सांभाळणाऱ्या कोणत्याही सइसाला चाबूक घेऊनही लावता येत नाही. मात्र त्या संगतीची अखेरची तारीख पहिल्याच दिवशी वहीत लिहिलेली असली पाहिजे, आणि ती तारीख बछेऱ्याच्या दिसण्यावरून नव्हे तर वयावरून ठरवावी.

वय आधी ठरवावे

घरी जन्मलेल्या शिंगराची तारीख माहीत असते. विकत घेतलेल्याचे वय विक्रेत्याच्या तोंडून नव्हे, तर बछेऱ्याच्या तोंडात पाहून ठरवावे. पुढचे मधले दुधाचे दात जन्मानंतर सुमारे सहा दिवसांत, त्यांच्या बाजूचे सहा आठवड्यांच्या आसपास आणि कोपऱ्यांतले सहा महिन्यांच्या पुढे-मागे दिसू लागतात. कोपऱ्यांतले वरचे-खालचे दात अजून एकमेकांवर घासू लागले नसतील तर बछेरा वर्षाच्या अलीकडे-पलीकडे असतो; सगळ्या दातांची घासण सुरू झालेली दिसली, तर तो दोन वर्षांकडे झुकलेला समजावा. मधले दुधाचे दात पडून तिथे रुंद, पिवळसर पक्के दात येऊ लागतात ते अडीच वर्षांच्या सुमारास. शंका असल्यास पशुवैद्याकडून दात पाहून घ्यावेत. “दहा महिन्यांचा” म्हणून विकलेला बछेरा तोंड उघडल्यावर दीड वर्षाचा निघालेला मी पाहिला आहे, आणि त्या घरी त्याला आठवडाभर तीन माद्यांत सोडलेले होते.

बछेरे साधारणपणे एक ते दोन वर्षांच्या दरम्यान वयात येतात, पण चांगली चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, खाणारा एखादा बछेरा वर्षाचा होता होताच घोडी गाभण करू शकतो. बछेऱ्या, म्हणजे त्याच वयाच्या माद्याही, साधारण वर्ष ते दीड वर्षात माजावर येऊ लागतात, म्हणजे एकाच हंगामात जन्मलेली भावंडे एकमेकांसाठी जवळपास एकाच वेळी धोक्याची होतात. म्हणून मी सीमा दहा महिन्यांवर ठेवतो. दहाव्या महिन्यानंतर खच्ची न केलेला प्रत्येक बछेरा हा वळू घोडाच आहे असे धरून व्यवस्था करावी, मग तो कितीही बारका दिसो. अंड खाली उतरलेले नसले तरी त्यावर विसंबू नये. पोटात राहिलेले अंड घोड्याला नरासारखे वागायला पुरेसे असते, आणि एक जरी खाली असले तरी तो घोडी गाभण करू शकतो.

हा नियम मी शहाणपणाने नव्हे, तर फजितीने शिकलो. घरचाच बछेरा, चौदा महिन्यांचा, आईच्या खांद्याखालून सहज जाईल एवढा. त्याच रानात एक दीड वर्षाची बछेरी होती. कोणीही काही पाहिले नाही. एका सकाळी खरारा करताना मोतद्दाराने मला हाक मारली आणि बछेरीची मान दाखवली: आयाळीच्या मुळाशी केस लाळेने चिकटून वाळलेले आणि दोन्ही कुशींवर चिखलाचे उभे ओरखडे. एवढीच खूण होती. सोनोग्राफीने बाकीचे सांगितले. जिची स्वतःची हाडे अजून भरायची होती, तिच्यावर गाभणपण आले, ते माझ्या “पुढच्या महिन्यात वेगळा करू” या वाक्यामुळे.

सोबत कोणत्या घोडीची

सगळ्याच माद्या या कामाच्या नसतात. हवी ती वयाने थोरली, कळपात मान असलेली, रागीट नव्हे पण ठाम घोडी. जी आधी कान मागे पाडते, मग शेपूट झटकते, मग मागचा पाय नुसता उचलून दाखवते आणि एवढ्यानेही बछेरा मागे हटला नाही तरच लाथ मारते. इशारा न देता थेट दुगाण्या झाडणारी घोडी वर्गातून बाद करावी. तितकीच निरुपयोगी असते ती अगदी गरीब घोडी, कारण बछेरा तिच्या मानेला लोंबकळत राहतो आणि त्यातून काहीच शिकत नाही.

अंगावर शिंगरू असलेली घोडी, विशेषतः विण्यानंतरच्या पहिल्या महिन्यातली, परक्या बछेऱ्याला जवळ येऊ देत नाही. ती धमकावत नाही, थेट तुटून पडते. शिवाय विण्यानंतर सहसा आठवडा-दहा दिवसांत तिला पहिला माज येतो, ही दुसरी अडचण. गाभणपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांतल्या घोडीसोबतही नवा बछेरा सोडू नये. घोडीचे दिवस सुमारे अकरा महिन्यांचे, म्हणजे ३४० दिवसांच्या आसपास असतात; त्यांतल्या शेवटच्या टप्प्यात धावपळ नको आणि बाहेरून आलेल्या जनावराबरोबर येणारा हर्पिस विषाणूचा संसर्ग तर मुळीच नको, कारण त्याने घोडी गाभडते. म्हणून बाजारातून आणलेल्या बछेऱ्यासाठी सर्वांत उत्तम सोबत म्हणजे पैदाशीतून निवृत्त झालेली म्हातारी घोडी. ती नसेल तर खच्ची केलेला, शांत, वयस्क घोडा. घरच्या बछेऱ्याला मात्र नुकतीच गाभण ठरलेली घरचीच घोडी चालते, कारण दोघांचे जंतू आधीच एकत्र नांदत असतात.

बाजारातल्या बछेऱ्यासाठी आणखी एक पायरी आहे, ती टाळू नये. किमान तीन आठवडे त्याला वेगळ्या जागी, वेगळ्या बादलीने पाणी देऊन ठेवावे आणि त्याचे काम दिवसाच्या शेवटी करावे. रोज ताप मोजावा; ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला, नाकातून घट्ट शेंबूड आला किंवा जबड्याखाली गाठ आली तर पशुवैद्याला बोलवावे. ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्यावी. हा आजार माणसालाही होतो आणि २००९ च्या केंद्रीय कायद्यान्वये अधिसूचित आहे. याच काळात जंताचे औषध आणि धनुर्वाताची लस हे दोन्ही उरकून टाकता येते.

रान कसे असावे

आपल्याकडे शेताला काटेरी तार असते आणि घोड्यांसाठी त्याहून वाईट कुंपण नाही. बछेरा पळताना तार पाहत नाही. मागून घोडी आली की तो थेट तारेत शिरतो, आणि गुडघ्याखाली मांस नसल्यामुळे तिथली जखम महिनोन्महिने भरत नाही. लाकडी फळ्या, लोखंडी पाइप किंवा रुंद पट्ट्याचे कुंपण घालावे, उंची किमान पाच फूट ठेवावी. एवढा खर्च झेपत नसेल तर काटेरी तारेच्या आत पाच-सहा फुटांवर, रानडुकरांसाठी गावोगाव वापरतात तसल्या सौर झटका यंत्राची पांढरी पट्टी दोन ओळींत ओढावी. घोडा एकदा नाक लावतो आणि मग दूर राहतो. घरच्या विजेची तार थेट कुंपणात सोडण्याचा उद्योग कोणीही करू नये, त्यात घोडाही मरतो आणि माणूसही.

कोपरे हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. चौकोनी रानाच्या कोपऱ्यात बछेरा अडकला की त्याला मागे हटायला वाट उरत नाही. घोडीने दिलेल्या इशाऱ्याचे उत्तर तो देऊ शकत नाही, मग लाथ बसतेच. चारही कोपऱ्यांत दोन-दोन खांब तिरके रोवून आडव्या फळ्या मारल्या की कोपरा बोथट होतो. गोठ्याची भिंत आणि कुंपण यांच्यातली बोळकांडी, एकाच दाराचे पत्र्याचे शेड, उघडी विहीर, ठिबकच्या नळ्यांचे वेटोळे, रानात उभा करून ठेवलेला नांगर, या सगळ्यांवर एकदा स्वतः बछेरा होऊन फेरी मारावी. बांधावरची कण्हेर आणि घाणेरी विषारी, ती उपटावी. ज्वारीचे कोवळे पोंगेही विषारी ठरतात, तेव्हा ते पोचतील असे कुंपण नसावे.

पाणी आणि वैरण यांची मांडणी सोपी आहे, पण चुकते. दोन जनावरे असतील तर वैरणीचे तीन ढीग, एकमेकांपासून दहा-बारा पावलांवर. पाण्याचे हौद दोन. मोकळ्या रानात चंदी कधीही देऊ नये. तोबरा, म्हणजे तोंडाला अडकवायची दाण्याची पिशवी, बांधायचा तो बाहेर आणून, कारण बहुतेक भांडणे माजापेक्षा दाण्यावरून होतात.

काळ्या जमिनीत पावसाळ्यात पहिली ओळख करून देऊ नये. घसरलेला पाय आणि मारलेली लाथ एकाच वेळी आली तर हाड वाचत नाही. मुरमाड तुकडा असेल तर तिथे, नसेल तर वाफसा येईपर्यंत थांबावे. वैशाखात सकाळी सहा ते साडेनऊ एवढीच वेळ पुरे.

ओळख करून देण्याचा क्रम

पहिले चार-पाच दिवस दोघे कुंपणाच्या दोन बाजूंना असावेत, मध्ये निदान आठ-दहा फुटांची मोकळी पट्टी सोडून. याच दिवसांत बछेऱ्याला म्होरकी लावून हाकेला येण्याची आणि माणसामागून शांतपणे चालण्याची सवय लावावी. ज्याला पकडता येत नाही त्याला सोडायचे नाही, हा साधा नियम आहे, आणि तो मोडणारेच पुढे संध्याकाळी टॉर्च घेऊन रानात धावताना दिसतात. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दोघांना दोन माणसांनी दोराने धरून, घोडी पुढे आणि बछेरा एका बाजूला पंधरा फुटांवर, असे रोज थोडे फिरवावे. नाकाला नाक लावायची घाई करू नये. दोरात धरलेल्या दोन घोड्यांची नाके भिडली की किंकाळी आणि पुढच्या पायाचा फटका हमखास येतो आणि तो धरणाऱ्याला लागतो.

सोडण्याच्या दिवशी घोडीच्या मागच्या पायांचे नाल नालबंदाकडून काढून घ्यावेत. नाल असलेल्या आणि नसलेल्या लाथेत काळानिळा पडणे आणि हाड मोडणे एवढे अंतर आहे. घोडीच्या माजाची तारीख वहीत तपासावी. माज साधारण २१ दिवसांनी फिरतो आणि पाच ते सात दिवस टिकतो, त्या दिवसांत पहिली ओळख नको. दोघांनाही आधी पोटभर वैरण द्यावी.

मग घोडीला आधी रानात सोडून अर्धा तास चरू द्यावे. तिला जागा आपली वाटली की बछेऱ्याला आत आणावे, दारापासून वीस पावले आत नेऊन त्याचे तोंड दाराकडे वळवावे, दोर सोडावा आणि माणसाने त्याच्या डोक्याच्या बाजूने मागे सरकत बाहेर पडावे. म्होरकी काढता आली तर उत्तम. राहू द्यायची असेल तर जुन्या चामड्याची, अडकली तर तुटेल अशी असावी. नायलॉनची म्होरकी खांबाला अडकली की मान जाते.

आपल्याकडची एक पद्धत इथे ठामपणे बंद करावी लागेल, ती म्हणजे पायबंद घालून चारायला सोडणे. पायबंद घातलेल्या घोडीला बछेऱ्यापासून दूर जाता येत नाही; पायबंद घातलेल्या बछेऱ्याला लाथेपासून. दोघांपैकी कोणाच्याही पायात दोर असेल तर त्यांना एकत्र सोडूच नये.

पहिल्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. एका माणसाने दाराशी आणि दुसऱ्याने समोरच्या बाजूला उभे राहावे, दोघांच्या हातात दोर असावा, डोक्यावर हेल्मेट असावे, आणि पोरेबाळे व कुत्री बाहेर असावीत. रोज थोडी वेळ वाढवत आठवडाभराने दिवसभर सोडता येते. रात्री एकत्र ठेवणे दुसऱ्या आठवड्यानंतरच. दुसरी घोडी कळपात आणायची असेल तर या जोडीचे बस्तान बसल्यावर, आणि तीही एकेक करूनच.

काय दिसले तर थांबावे, काय दिसले तर हलावे

बछेरा घोडीसमोर मान लांब करून, ओठ मागे ओढून, जबडा टाळ्या वाजवल्यासारखा उघड-मीट करतो. नवख्या माणसाला तो चावायला निघाला असे वाटते. खरे तर “मी लहान आहे, मारू नकोस” असे तो म्हणत असतो. घोडी कान पाडते, किंचाळते, तो दहा पावले पळतो, पुन्हा येतो. हे सगळे चालू द्यावे. एखादी लाथ मांडीला बसून बछेरा गोंधळून उभा राहिला तरी लगेच आत धावू नये. धडा पुरा होऊ द्यावा.

हलायचे ते तेव्हा, जेव्हा घोडी दूर गेलेल्या बछेऱ्याचा पिच्छा सोडत नाही, त्याला कुंपणाशी दाबून लाथेसाठी पुन्हा पुन्हा पाठ वळवते. किंवा उलट, बछेरा इशारे झिडकारून मानेला चावत वर चढू पाहतो. दोघांच्या मध्ये जाऊ नये. बाहेरून मोठ्याने आवाज करून त्यांना वेगळे होऊ द्यावे, आणि जो अधिक हाताशी येणारा असेल, बहुधा घोडी, त्याला आधी बाहेर काढावे.

सहाव्या ते दहाव्या महिन्यांत रोज नजर ठेवावी ती बारीक बदलांवर. जबड्याच्या टाळ्या कमी होत जातात. घोडी मुतली की तो तिथे जाऊन हुंगतो आणि वरचा ओठ मुरडून मान उंच करतो. एवढे तर लहान शिंगरूही करते, त्यात विशेष काही नाही. पण तिच्या लिदीवर आपली लीद टाकू लागला, मान जमिनीसरशी खाली करून तिला दुसऱ्या घोड्यापासून हाकलत बाजूला नेऊ लागला, आणि घोडी शेपूट वर धरून थेंब थेंब मुतत त्याच्यासमोर उभी राहू लागली, तर दहा महिन्यांची वाट पाहू नये. त्याच संध्याकाळी वेगळे करावे. लिंग बाहेर सोडून उभा राहणे मात्र बछेऱ्यात स्वाभाविक आहे, त्यासाठी त्याला मारणारे सईस मला अजिबात पसंत नाहीत.

चूक झालीच तर

बछेरा घोडीवर गेला किंवा तशी दाट शंका आली तर गप्प बसू नये. तारीख लिहून त्याच आठवड्यात पशुवैद्याला कळवावे. सोनोग्राफीत गर्भ १४ ते १६ दिवसांत दिसतो. गर्भ ठेवायचा नसेल तर उपाय ३५ दिवसांच्या आत करणे सोपे आणि घोडीच्या दृष्टीने सुरक्षित असते. त्यानंतर गर्भाशयात होणाऱ्या बदलांमुळे घोडी बराच काळ नीट माजावर येत नाही आणि तो हंगाम वाया जातो. आई आणि बछेरा, किंवा बहीण-भाऊ, यांच्यात हे घडले असेल तर निर्णय लांबवू नये. लाथेची जखम सांध्याजवळ असेल तर ती कितीही लहान दिसली तरी त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावी.

दहाव्या महिन्यानंतर

इथे आपल्याकडे खरा पेच येतो. नाचकामाला, वरातीला किंवा प्रदर्शनाला अखंड, म्हणजे खच्ची न केलेल्या, घोड्यालाच भाव मिळतो, म्हणून कोणी खच्ची करायला धजत नाही. आणि तो ठेवायचा कसा याचाही विचार कोणी केलेला नसतो. ज्याच्या जातीत, बांध्यात आणि स्वभावात पुढची पिढी काढण्यासारखे काही नाही, त्याला खच्ची करणे हाच त्याच्यावरचा उपकार आहे असे मला वाटते. त्याला आयुष्यभर कळपात राहता येते. अखंड ठेवायचाच असेल, तर त्याच वयाचा दुसरा बछेरा किंवा खच्ची केलेला थोरला घोडा सोबतीला देऊन त्यांचे रान माद्यांच्या रानापासून दूर, त्यांचा वास वाऱ्याने येणार नाही अशा बाजूला करावे. एकटा मात्र बांधू नये.

खच्ची करण्यासाठी कार्तिक ते माघ हे महिने चांगले, कारण माशी कमी असते आणि जमीन कोरडी असते. शस्त्रक्रिया पशुवैद्याकडूनच, भूल देऊन, धनुर्वाताचे संरक्षण आधी देऊन करावी, आणि दोन्ही अंड काढलेले डोळ्यांनी मोजावेत. दुसऱ्या दिवसापासून रोज दोन वेळा हाताने चालवावे. बांधून ठेवलेल्या घोड्याची सूज उतरत नाही. रक्ताची धार लागली, ताप आला किंवा जखमेतून काही लोंबताना दिसले तर तो तातडीचा प्रसंग समजावा.

शस्त्रक्रियेनंतरही त्याच्या नळ्यांत काही काळ शुक्राणू राहतात, म्हणून सहा ते आठ आठवडे त्याला माद्यांत सोडू नये. त्यानंतर तो परत जातो तोही पहिल्याच पायरीपासून: आधी कुंपणापलीकडून, मग दोराने, मग घोडीला अर्धा तास आधी सोडून. दोन-तीन महिन्यांत त्याची उंची वाढलेली असते आणि थोरली घोडी त्याला ओळखत असली तरी तसे दाखवत नाही. पहिल्या पाच मिनिटांत ती कान पाडून त्याच्या अंगावर येते. तो दहा पावले मागे सरकला, मान खाली घालून चरू लागला, की दारावरच्या माणसाने दोर खांद्यावर टाकून खाली बसायला हरकत नाही.